लावणं सोपं, राखणं शिकावं लागतं

सुरतेच्या मोठ्या रस्त्यांवर, दुभाजकांत, बागांच्या कुंपणाशी आणि नव्या सोसायट्यांच्या भिंतींलगत गेल्या काही वर्षांत एक झाड सगळीकडे दिसू लागलं. पानं लांबट, चकचकीत, बारमाही हिरवी. गाय तोंड लावत नाही, खारं पाणी चालतं, कापलं की दुप्पट जोमानं फुटतं आणि दोन-तीन वर्षांत भिंतीएवढी आड धरतं. नाव कोनोकार्पस. बागकामाच्या कंत्राटदाराला याहून गुणी झाड कोणतं हवं?

तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनविभागानं परिपत्रक काढून हे झाड लावायला मनाई केली. कारणं दोन सांगितली. हिवाळ्यात फुलोरा आला की परागकणांमुळे सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो. आणि मुळं जमिनीखालच्या केबलींत, गटारांत, पाण्याच्या नळांत घुसतात. परागांच्या आरोपाबद्दल जाणकारांत एकमत नाही. मुळांची तक्रार मात्र नीट समजून घेण्याजोगी आहे.

मुळाला लांबून पाण्याचा वास लागत नाही. नळाच्या सांध्यातून थेंब थेंब झिरपतं, त्यामुळे भोवतीची माती ओलसर राहते. वाढतं मूळ कोरड्या बाजूपेक्षा ओल्या बाजूकडे वळत जातं. एखादं बारीक तंतुमूळ सांध्याच्या फटीतून आत शिरलं की पाणी आणि हवा दोन्ही आयती मिळतात, गटार असेल तर खतही. मूळ जाड होतं, फट रुंदावते, गळती वाढते, आणखी मुळं येतात. दोष एकट्या झाडाचा नाही. गळका सांधा, तीन फुटांचा दुभाजक आणि वेगानं वाढणारं झाड या तिघांची गाठ कोणी घालून दिली, हा खरा प्रश्न आहे. कोनोकार्पस तसं आपल्या ओळखीच्या कुळातलंच. अर्जुन, ऐन, हिरडा, बेहडा हे त्याचे भाऊबंद. आपल्या मूळच्या खाऱ्या किनाऱ्यावर ते चोख काम करतं.

झाडं निवडण्याच्या बैठकीत ‘दहा वर्षांनी याची मुळं कुठे पोचलेली असतील?’ असं विचारणारा एक तरी माणूस हवा होता. असा माणूस जन्मजात नसतो, तो घडवावा लागतो. पालिकेचा उद्यान अधीक्षक, उद्यान पर्यवेक्षक, वनखात्यातले वनरक्षक आणि वनक्षेत्रपाल, प्राणिसंग्रहालयाचे व्यवस्थापक हे सगळे या एकाच धंद्याचे लोक. सार्वजनिक जमीन आणि तिच्यावरची हिरवाई राखणं हे त्यांचं काम. लोकांना वाटतं की झाडाफुलांची आवड असली की झालं. आवड लागतेच, पण ती प्रवेशपरीक्षेपुरती. पुढे काय शिकावं लागतं ते पाहू.

बाग आधी कागदावर उगवते

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या खानदेशी मंडळींच्या कानावर ‘टीपी’ हा शब्द रोज पडतो. टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, नगररचना योजना. जमिनीच्या व्यवहारात ‘ओपी’ आणि ‘एफपी’ हेही ऐकू येतं: मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड. शहरातली बाग कुठून येते, हे या दोन अक्षरजोड्यांत दडलेलं आहे.

धुळे-जळगावकडे भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा शहाणा थोरला भाऊ आधी सामाईक विहीर, तिच्यापर्यंतची गाडीवाट आणि खळ्याची जागा बाजूला काढतो आणि मग उरलेल्याचे वाटे पाडतो. टीपीचं गणित हेच. शहराच्या कडेची शंभर-दीडशे शेतं एकत्र धरायची. त्यांतून रस्ते, शाळा, बागा यांसाठी जमीन आधी काढून घ्यायची आणि प्रत्येक मालकाला थोडा लहान पण चौकोनी, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यायचा. क्षेत्र घटतं, भाव वाढतो, म्हणून मालक सहसा तयार होतो.

गुजरातचा नगररचना आणि नागरी विकास अधिनियम १९७६ चा. त्यात या वजावटीचे आकडे दिलेले आहेत: रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखाने-अग्निशमन अशा सोयींसाठी ५ टक्के, आणि खर्च भागवण्यासाठी विकायला १५ टक्के. गरजेप्रमाणे हे कमीजास्त करता येतं. म्हणजे १०० हेक्टरांच्या योजनेत बागा-मैदानांच्या वाट्याला साधारण ५ हेक्टर येतात, तेही बहुधा एका जागी नाही, तुकड्या-तुकड्यांत.

आता या धंद्यातला पहिला धडा. नकाशावर हिरव्या रंगानं दाखवलेला एफपी आणि प्रत्यक्ष बाग यांच्यामध्ये कित्येक वर्षं जातात. त्या काळात तो भूखंड सगळ्यांचा असतो आणि म्हणून कोणाचाच नसतो. आधी बांधकामाचा राडारोडा पडतो, मग हातगाड्या उभ्या राहतात, मग एखादी टपरी, मग तिला विजेची जोडणी. पाच वर्षांनी माळी कुदळ घेऊन जातो तेव्हा त्याच्यासमोर माती नसते, कोर्टाची तारीख असते. शिकलेला व्यवस्थापक म्हणून ताबा मिळताच मोजणी करून घेतो, हद्दीचे दगड रोवतो, कुंपण घालतो आणि निधी येण्याची वाट न पाहता तिथे काहीतरी वापर सुरू करतो: रोपवाटिका, मुलांचं साधं मैदान, काहीही. वापरात असलेली जमीन बळकावायला अवघड जाते.

त्याला जमिनीच्या जातीही ओळखता याव्या लागतात. पालिकेच्या ताब्यातला एफपी वेगळा, गावचं गौचर (आपल्याकडचं गायरान) वेगळं, राखीव वन वेगळं, भरतीच्या पाण्याखाली जाणारा खाडीकाठ आणखी वेगळा. वनजमीन असेल तर १९२७ चा भारतीय वन अधिनियम आणि १९८० चा वनसंवर्धन अधिनियम लागतो. आदिवासी भागात २००६ चा वनहक्क कायदा आणि ग्रामसभा येते. डुमसकडे गेलं की किनारा नियमन क्षेत्राचे नियम. सातबारा वाचता न येणारा उद्यान अधिकारी म्हणजे फुलांची निव्वळ आवड असलेला गृहस्थ.

सुरतेतली एक मोठी मोकळी जागा मात्र टीपीनं दिलेली नाही. अठवा फार्म हे नवसारी कृषी विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र. १९७० मध्ये डॉ. सी. टी. पटेल यांनी याच शेतावरून ‘संकर-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. आज आजूबाजूला इमारतींची दाटी आहे आणि मध्ये हे शेत टिकून आहे, कारण त्याला एक संस्था, एक उद्देश आणि एक कारभारी आहे. नुसत्या मोकळ्या जागेला एवढी वर्षं शहरानं सोडलं असतं असं मला वाटत नाही.

काळी माती, चार महिन्यांचं पाणी

सुरतेत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने कोरडे. खाली काळी कसदार माती. पुस्तकात ‘कसदार’ हा शब्द कौतुकाचा असतो, बाग करणाऱ्याला तो डोकेदुखीचा.

काळ्या मातीतल्या चिकणकणांचे थर अतिशय पातळ असतात. त्या थरांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते. पाणी गेलं की आक्रसते आणि भेगा पडतात. उन्हाळ्यात या भेगा बोटभर रुंद होतात तेव्हा आतली बारीक मुळं ताणली जाऊन तुटतात. पावसाळ्यात उलटं: माती फुगून छिद्रं बंद होतात, पाणी खाली उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. रोपं दोन्ही ऋतूंत मरतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. म्हणूनच ‘पाणी कमी पडलं’ हे उत्तर अर्ध्या वेळेला चुकीचं असतं.

इथे नवशिक्याची हमखास होणारी चूक सांगतो. काळ्या मातीत खड्डा खणायचा, त्यात बाहेरून आणलेली भुसभुशीत लाल माती आणि शेणखत भरायचं आणि रोप लावायचं. दिसायला हे उत्तम. पण सैल भरावात पाणी झपाट्यानं उतरतं आणि भोवतीची चिकणमाती ते पुढे जाऊ देत नाही. पाणी खड्ड्यातच साचून राहतं आणि ऑगस्टमध्ये रोप कुजतं. म्हणून खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा, बरीचशी जागचीच माती परत घालायची, रोप जमिनीपेक्षा थोडं उंचवट्यावर लावायचं आणि पाण्याला बाहेर वाट ठेवायची. हे कोणत्याही पोस्टरवर नसतं. रोपं मरताना पाहिलेला मुकादम ते शिकवतो.

दुसरं पाणी नदीचं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला पूर आला आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. तो पूर सगळ्यांना आठवतो. मिठी खाडीच्या काठच्या लिंबायतसारख्या भागांना दुसऱ्या जातीचा पूर माहीत आहे, ‘खाडी पूर’. वरच्या गावांत जोराचा पाऊस झाला, त्याच वेळी समुद्राला भरती असली, की खाडीचं पाणी पुढे सरकत नाही आणि काठच्या वस्त्यांत पसरतं.

म्हणून खाडीकाठची बाग आणि चौकातली बाग यांची रचना एक नसते. काठावरच्या बागेत पाणी येणारच हे धरून चालायचं: वर्षातून चार दिवस बुडाली तरी चालेल अशी हिरवळ आणि वाटा खाली, वीज-मोटारी-खेळणी वर, आणि काठाला मुळांनी माती धरून ठेवणारी देशी झाडं. सुरत महापालिकेनं डॉ. हेडगेवार पूल ते भीमराड-बमरोली पूल या पट्ट्यात ८७ हेक्टरांहून मोठं जैवविविधता उद्यान हाती घेतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. एवढा मोठा पट्टा सांभाळायला गुलाबाचे ताटवे लावणारा माणूस पुरत नाही. भरती-ओहोटी, गाळ, सांडपाणी, पाखरं आणि पाहुणे या सगळ्यांचं एकत्र वेळापत्रक ठेवणारा लागतो.

करवत हातात देण्याआधी

पावसाळ्यापूर्वी शहरभर फांद्या छाटतात. बहुतेक ठिकाणी झाडाचा शेंडाच उडवतात. झाड लहान झालं, आता पडणार नाही, असा त्यामागचा हिशेब. घडतं उलट. शेंडा गेला की झाड घाईनं पन्नास नवे फुटवे काढतं. मूळची फांदी खोडाच्या आतून, वर्षावर्षाच्या थरांत गुंफली गेलेली असते. हे फुटवे सालीच्या लगतच्या थरातून आलेले, वरवर चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते जड होतात आणि वादळात हेच पहिले मोडतात. वरून उघड्या पडलेल्या मोठ्या जखमेतून बुरशी खोडात उतरते, ती वेगळीच.

फांदी कापायची रीत तीन कापांची आहे. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या पाव-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी खाली पडते पण पडताना खोडाची साल ओरबाडत नाही. उरलेलं ठूठ तिसऱ्या कापानं काढायचं, पण खोडाला लागून सपाट नाही. फांदीच्या बुडाशी एक किंचित फुगीर वळसा असतो. जखम भरून काढणाऱ्या पेशी तिथे असतात. तो वळसा शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापलं की झाड स्वतःच जखम बंद करतं. त्यावर गेरू, डांबर फासायची गरज नाही.

मुळांच्या बाबतीतही असंच. झाडाची मुळं जमिनीत खोल, फांद्यांइतकीच खाली गेलेली असतात हा समज घट्ट बसलेला आहे. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, कारण त्यांना प्राणवायू लागतो. फुटपाथ सुशोभित करताना बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, पाच-सात वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं, ते याच कारणानं.

महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रासाठी झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असावा लागतो, झाडांची गणना व्हावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुनी झाडं ‘वारसा वृक्ष’ ठरतात. कायदा चांगला आहे. पण गणना करणाऱ्याला कडुनिंब आणि बकाणनिंब यांतला फरक कळला नाही, तर रजिस्टर भरतं आणि झाडांची माहिती मिळत नाही.

रविवारची संध्याकाळ

सुरतकर घराबाहेर बसून खाणारा माणूस. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, अख्खी कुटुंबं घारी आणि भुसू घेऊन फुटपाथवर, मैदानात, नदीकाठी चादरी अंथरतात. हिवाळ्यात पोंक, म्हणजे आपला हुरडा. रविवारी डुमस. या लोकांना ‘गवतावर बसू नये’ अशी पाटी दाखवणारा व्यवस्थापक हरलेलाच आहे.

पण गवताचंही एक शास्त्र आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा आणि पाणी खाली जातं. हजारो पावलांनी त्या पोकळ्या दबतात, वरचं पाणी वरच राहतं, मुळं गुदमरतात आणि हिरवळ पिवळी पडते. माळी मग आणखी पाणी घालतो आणि चिखल करतो. उपाय असा की हिरवळीचे भाग पाडून आलटून-पालटून विश्रांती द्यायची, दबलेल्या भागात काट्यांच्या रुळानं भोकं पाडायची आणि जिथून लोक रोज जातातच ती वाट मान्य करायची. बागेत कोपरा कापून जाणारी पायवाट पडली की तिच्यावर मेंदीचं कुंपण घालायची आपल्याकडे रीत आहे. लोक कुंपण तुडवतात. त्याऐवजी तीच वाट दगडानं बांधून काढली तर बाकीचं गवत वाचतं. लोक कुठून चालतात, कुठे बसतात, बायका संध्याकाळी कोणत्या कोपऱ्यात जायचं टाळतात, याची महिनाभर नोंद ठेवणं हा परदेशातल्या उद्यान-व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. आपल्याकडच्या पदव्यांत वनस्पती भरपूर असतात आणि माणसं कमी, ही माझी जुनी तक्रार.

बडोद्याचा जर्मन माळी

पगारी, शिकलेला बागतज्ज्ञ ही कल्पना या भागाला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात सयाजी बाग १८७९ पासून आहे, आणि तिथली राजोद्यानं सांभाळायला महाराजांनी १८९३ मध्ये गुस्ताव क्रुंबिगल नावाचा जर्मन माणूस आणला. ड्रेस्डेनजवळ जन्मलेला हा माळी लंडनच्या क्यू उद्यानात तयार झाला होता. क्यूची पद्धत अशी की मुलानं दिवसा कुदळ धरायची आणि संध्याकाळी वनस्पतिशास्त्राच्या व्याख्यानाला बसायचं. हात आणि पुस्तक एकाच माणसात.

क्रुंबिगल १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सेवेत बंगळूरला गेला. तिथे रस्त्यांवर झाडं लावताना वर्षाच्या कोणत्या महिन्यात काय फुलतं याचा त्यानं क्रम बसवला: एक रांग फुलून संपते तेव्हा दुसरी सुरू होते. बंगळूरच्या आजच्या फुलांच्या रस्त्यांमागे तो हिशेब आहे. लालबागेत माळीकाम शिकवण्याची परंपरा अजून चालू आहे.

जंगलाची शाखा वेगळ्या वाटेनं आली. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि जहाजांसाठी लाकूड हवं होतं. डांगच्या राजांकडून सागाच्या जंगलाचे करार त्यांनी १८४२ मध्येच केले होते. १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली. तिथे जे शिकवलं जाई त्याचा गाभा होता लाकूड मोजणं, तोडणं आणि पुन्हा उगवणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अभ्यासक्रमात प्राणी आले, १९८२ मध्ये देहरादूनलाच भारतीय वन्यजीव संस्था उभी राहिली, आणि २००६ नंतर जंगलात राहणारी माणसं हक्कदार म्हणून आली. अजूनही या दोन शाखा, बागेची आणि जंगलाची, एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. सुरतेच्या खाडीकाठी मात्र दोघींचं काम एकाच जागी येऊन पडलं आहे.

शिकायचं कुठे?

बारावी शास्त्रानंतरचा सरळ रस्ता चार वर्षांच्या पदवीचा. सुरतेपासून तास-दीड तासावर असलेल्या नवसारी कृषी विद्यापीठात उद्यानविद्या आणि वनशास्त्र, दोन्हींचं शिक्षण मिळतं. महाराष्ट्रात दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत वनशास्त्र महाविद्यालयं आहेत. उद्यानविद्येत रोपनिर्मिती, फळं-फुलं, हिरवळ, शोभेच्या बागा येतात. वनशास्त्रात माती, वृक्षमापन, वनकायदा, वन्यजीव आणि लाकडाचं शास्त्र. शहरातल्या बागांकडे जायचं असेल तर पहिलं, जंगलाकडे जायचं असेल तर दुसरं, असं ढोबळमानानं म्हणता येतं. रचना करायची हौस असणाऱ्यांनी आधी वास्तुशास्त्र आणि मग भूदृश्य-रचनेची पदव्युत्तर पदवी घ्यावी. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ आणि पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय त्यासाठी ओळखलं जातं.

दहावीवर थांबलेल्या मुलामुलींसाठी आयटीआयमध्ये पुष्पशेती आणि भूदृश्य-सजावटीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं २०१७ मध्ये हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला, त्यातही असे छोटे अभ्यासक्रम आहेत. यांच्याकडे नाक मुरडू नये. वर सांगितलेले तीन काप पदवीधरापेक्षा या मुलांच्या हातात लवकर बसतात.

वनखात्यात नोकरीची शिडी ठरलेली आहे: वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक आणि वर. वनरक्षक बारावीनंतर होता येतं. गुजरातेत वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक गुजरात लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. भारतीय वनसेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. त्यासाठी पदवीला एखादा विज्ञान विषय, शेती, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी लागते. लेखी आणि मुलाखतीनंतर चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. ही चाचणी मला अतिशय रास्त वाटते. निवडीनंतरचं प्रशिक्षण निराळं: वनसेवेचं देहरादूनला, गुजरातच्या वनक्षेत्रपालांसाठी राजपिपळ्याला, महाराष्ट्रात चंद्रपूर आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडल इथे.

पालिकेची भरती पालिका स्वतः करते. तिथे एक अडचण मुळातच आहे. महापालिकांच्या जुन्या मुंबई प्रांतिक अधिनियमात, १९४९ च्या, पाणी आणि सफाई ही पालिकेची आवश्यक कामं; बागा ऐच्छिक कामांत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नागरी वनीकरण आणि बागा बाराव्या अनुसूचीत आल्या, पण पैशांची ओढाताण झाली की कात्री अजून आधी तिथेच लागते. म्हणून देखभाल दोन-तीन वर्षांच्या कंत्राटावर जाते. वडाला दोन-तीन वर्षांत काही कळत नाही.

चौकट: पहिल्या वर्षात हाताखालून गेलं पाहिजे असं

एक भूखंड टीपीच्या नकाशावरून जागेवर शोधून त्याची हद्द पायी फिरणं.
आपल्या वॉर्डातली पन्नास झाडं पानांवरून, आणि पानं नसताना सालीवरून ओळखणं.
मूठभर माती ओली करून तिची वळी वळणं; लांब वळी होते ती चिकण, तुटते ती वाळूमिश्रित.
एक फांदी तीन कापांत कापणं, आणि वर्षभरानं ती जखम पुन्हा जाऊन पाहणं.
एका बागेत सकाळ, दुपार, संध्याकाळ किती आणि कोण माणसं येतात याची नोंद.
एका पावसाळ्यात कुठे किती वेळ पाणी साचलं ते नकाशावर मांडणं.

दोन भाषांचा उपयोग

पदवीच्या काळात पाहायला सुरतेभोवती बरंच आहे. पालिकेचंच सरथाणा इथलं निसर्ग उद्यान आणि प्राणिसंग्रहालय, डुमसजवळचा गवियर तलाव आणि हिवाळ्यात तिथे येणारी पाखरं, वघईचं १९६६ मध्ये सुरू झालेलं २४ हेक्टरांचं वनस्पती उद्यान, वांसद्याचं १९७९ चं छोटं राष्ट्रीय उद्यान, डांगमधलं पूर्णा अभयारण्य. मांडवी-मांगरोळच्या उसात बिबटे राहतात. तिथे फिरतीवर जाणारा वनरक्षक दिवसातला अर्धा वेळ प्राण्यांशी नाही, शेतकऱ्यांशी बोलण्यात घालवतो.

सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा आहेत आणि त्यांतून दरवर्षी मुलं पुढे जातात. त्यांच्या पालकांना या वाटेची माहिती फार कमी असते. मुलगा हुशार असेल तर इंजिनिअर, नसेल तर लूमवर किंवा एम्ब्रॉयडरीवर, असे दोनच पर्याय घरात बोलले जातात. या वाटेला जाणाऱ्या मुलांनी गुजराती नीट लिहायला शिकावं, कारण पालिकेचं टिपण आणि वनगुन्ह्याचा पंचनामा गुजरातीतच करावा लागतो. पण मराठी सोडू नये. डांगी बोली मराठी आणि गुजराती दोन्हींच्या जवळची आहे. नवापूर, सुरगाणा इथली जंगलं डांगच्या जंगलांना लागून आहेत, आणि तोडलेला साग राज्याची सीमा मानत नाही. पलीकडच्या रेंजला रात्री फोन करून गाडीचा रंग, रस्ता आणि वेळ सांगायची असते, तेव्हा दोन्ही बाजूंची भाषा येणारा वनरक्षक दुभाष्या शोधत बसत नाही.